उन्हाळ्यासाठी पाच

शनिवारी आमच्या जेल रोडला लाईट नसते, दहा ते चार.
हे महावितरणनं ठरवलेलं.
घोलपांच्या मुलीच्या हळदीचा व्हिडिओ
आजच द्यायचा, हे मी.

मांडी भाजते.
पंखा असा सुटतो
की नाना आतल्या खोलीतून विचारतात,
"कुकर लावलाय का गं?"
एकतीस वर्षं त्यांनी एकलहऱ्यात टर्बाइनशेजारी काढली,
डावा कान तिथंच ठेवून आले.
तरी हा एवढासा पंखा त्यांना ऐकू येतो.

बॅटरी: एक तास वीस मिनिटं.
हळद म्हणजे पिवळ्याच्या शंभर छटा,
आणि ग्राफिक्स कार्डाला
प्रत्येकीचा हिशोब मांडावा लागतो.

म्हणून मी ती रेषा उघडली.
आडवं व्होल्टेज, उभा वेग,
मधली चढण पांडवलेण्याच्या पायऱ्यांसारखी,
आधी गप्पा मारत जावं अशी
आणि मग बोलणं बंद करणारी.
कारखान्यानं दिलेले एक हजार मिलिव्होल्ट.
मी नऊशे पन्नास केले.
काही झालं नाही.
नऊशे.
काही झालं नाही.
मग इतके दिवस वरचं कोण खात होतं?

नाना दारात उभे. नाव निवृत्ती,
सेवेत असतानाही सगळे चिडवायचे, कधी होणार म्हणून.
"कमी करतेयस?"
"हो. वेग तोच. दाब कमी."
ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.
त्यांनी आजही विचारलं नाही.
म्हणाले, "कंपनी सगळ्यांना सारखंच वाढते.
सगळ्यात अशक्त पोराला पुरेल इतकं.
तुझं धट्टंकट्टं निघालं
तर उरलेलं नुसतं तापण्यात जातं.
आणि जातं ते वर्गानं."
हवेत बोटानं त्यांनी एक दोन काढला,
वरच्या कोपऱ्यात, लहानसा.

आठशे पन्नास.
आठशे पंचवीस.
आठशेला नवरीच्या गालावर हिरव्या पट्ट्या आल्या,
करवल्या विस्कटल्या,
मग काळोख,
मग कंपनीचं चिन्ह, हसतमुख, जणू घरात काही झालंच नाही.

"ट्रिप," नाना म्हणाले.
आणि बसलेच माझ्या शेजारी.
रात्रपाळीला, पहाटे तीनच्या सुमाराला,
युनिट असंच बसलं होतं एकदा.
सगळे धावले. तेही धावले.
पण धावता धावता
गोदावरीपलीकडचं एक कुत्रं भुंकताना ऐकू आलं,
इतकं स्वच्छ, की पाय क्षणभर थांबले.
"बरं वाटलं होतं," म्हणाले.
"अहवालात नाही लिहिलं."

मला वाटलं, आता ते माणसांबद्दल काही सांगतील,
कमी दाबावर जगण्याबद्दल वगैरे.
तसं काही नाही.
"पंचवीसवर परत जा," म्हणाले,
"आणि वर पाच ठेव.
उन्हाळा यायचाय."

आठशे तीस.
तीच हळद वीस वेळा फिरवली.
एकही पट्टी नाही.
कोपऱ्यात आकडा सरकला: एक तास बावन्न.
खालच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्त्यात काही कुटत होतं,
ते सकाळपासून चालू असावं.

"बंद पडलं का गं?"
"नाही नाना. चालूय."
त्यांचा विश्वास बसेना.
मी त्यांचा हात घेतला, किल्ल्यांच्या वरच्या पट्टीवर ठेवला.
बोटं चार, अंगठा बाहेर,
तापलेल्या बेअरिंगवर ठेवायचे तसा,
उचलता येईल इतपत टेकवलेला.
उचलला नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "कोमट आहे,"
आणि चष्मा शोधायला लागले, जो डोक्यावरच होता.

चारला दहा कमी असताना
सगळं एकदम परत आलं: फ्रिज, टीव्ही,
शेजारच्यांची पिठाची गिरणी.
बॅटरी नऊ टक्के. व्हिडिओ गेला.
पाच मिनिटांत घोलपांचा निरोप.
छान झालाय, ताई.
फक्त पिवळा
थोडा कमी करता येईल का?